जगातली नावाजलेली अम्युझमेंट पार्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अम्युझमेंट पार्कांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, नंतर अडचणीचे. दोन प्रश्नांचं उत्तर एकमेकांत अडकत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळा, मोसम आणि बंद राइडची यादी सतत बदलते, म्हणून निघण्याआधी त्या-त्या पार्कचं अधिकृत ॲप उघडून पाहावं.

१. अम्युझमेंट पार्क आणि थीम पार्क, दोन्ही एकच ना?

बोलताना एकच म्हटलं तरी चालतं, पण जाताना काय अपेक्षा ठेवायची ते यावर ठरतं. अमेरिकेत ओहायोमध्ये लेक ईरीच्या काठावर सीडर पॉइंट आहे, १८७०पासूनचं. तिथे राइड हेच मुख्य. एक उंच रोलर कोस्टर (रुळांवरून चढ-उतार करत सुसाट धावणारी गाडी), त्याच्या बाजूला दुसरा, पलीकडे तलाव. डिस्नेलँडचं तसं नाही. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये १७ जुलै १९५५ला ते उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेने पार्कभोवती मातीचा उंच बांध घालून घेतला होता. आत आलेल्या माणसाला बाहेरचं शहर दिसू नये, हा त्यामागचा हेतू. थीम पार्कमध्ये राइड हा गोष्टीचा एक भाग असतो. रस्ते, दिवे, संगीत, कचऱ्याचे डबे, सगळं त्याच गोष्टीतलं. राइडमध्ये न बसणारा माणूसही अशा ठिकाणी दिवस आनंदात घालवू शकतो (प्रश्न ८).

२. सगळ्यात जुनं पार्क कोणतं? ते अजून चालू आहे का?

चालू आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला हरणांच्या राखीव जंगलात बाकेन आहे. त्याचा इतिहास १५८३पासून सांगितला जातो. तिथल्या एका झऱ्याचं पाणी गुणकारी आहे म्हणून लोक येऊ लागले, लोकांमागून खेळवाले आले आणि तिथेच राहिले. आत जायला आजही तिकीट लागत नाही, ज्या राइडमध्ये बसाल तिचेच पैसे.

कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोर टिवोली आहे, १८४३चं. ही बाग मनापासून सुचवावीशी वाटते. १९१४चा लाकडी रोलर कोस्टर तिथे अजून धावतो आणि त्याचा ब्रेक माणसाच्या हातात असतो. ब्रेकवाला गाडीतच बसलेला असतो. उतार आला की वेग किती द्यायचा आणि कुठे आवळायचा, हे तो स्वतः ठरवतो. गाडी सुटताना त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. संगणकाने चालणाऱ्या राइडमध्ये हे कुठेही बघायला मिळणार नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लूना पार्कमधला १९१२चा सीनिक रेल्वे कोस्टरही याच जातीचा.

तिसरं नाव व्हिएन्नाच्या प्राटरचं. बादशाही शिकारीचं रान होतं. १७६६मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. तिथला मोठा आकाशपाळणा, म्हणजे रीझेनराड, १८९७चा आहे. उंची जवळपास ६५ मीटर. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला. युद्धानंतर पुन्हा उभा केला तेव्हा ३० डब्यांपैकी १५च लावले, म्हणून आज दोन डब्यांच्या मधे इतकी मोकळी जागा दिसते.

३. आयुष्यात एकदाच जमणार असेल तर कोणतं पार्क बघावं?

बरोबर मोठी माणसं असतील तर टोकियो डिस्नेसी. लहान मुलं असतील तर नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग. हे मत आहे, पण त्याला कारणं आहेत.

डिस्नेसी सप्टेंबर २००१मध्ये टोकियोच्या खाडीकाठी उघडलं. आत शिरताच समोर बंदर येतं आणि बंदरामागे ज्वालामुखी. हा ज्वालामुखी अधूनमधून गुरगुरतो, धूर आणि ज्वाळा सोडतो. राइडची एक गाडी त्याच्या पोटातून सुटून बाहेर येते आणि क्षणात पुन्हा आत गडप होते. बंदर, जुनं गाव, पाण्यातल्या नावा यांवर इतकं बारीक काम झालं आहे की एकाही राइडमध्ये न बसता अर्धा दिवस निघतो. जून २०२४मध्ये त्याला फँटसी स्प्रिंग्ज हा नवा भाग जोडला गेला.

एफ्टेलिंग १९५२मध्ये परीकथांच्या जंगलाने सुरू झालं. त्याचं मूळ रूप अँटोन पीक या चित्रकाराने रेखाटलं. मोठी झाडं, त्यांच्यामध्ये वळणाच्या वाटा आणि वळणावळणावर एक-एक गोष्ट हलतीबोलती उभी. तिथे होल्ले बोल्ले खाइस नावाचा एक लठ्ठ खादाड जागोजागी तोंड उघडून बसलेला असतो. ‘कागद इकडे’ असं तो डच भाषेत ओरडत राहतो. त्याच्या तोंडाशी कागद नेला की तो हवेने ओढून घेतो आणि आभार मानतो. परिणाम असा की मुलं बागेभर कागदाचे कपटे शोधत फिरतात आणि आईवडिलांच्या खिशातली जुनी तिकिटंही त्याला नेऊन देतात. मुलांचं मन इतकं ओळखणारी दुसरी बाग सहज सापडणार नाही.

४. डिस्नेची पार्क सगळीकडे सारखीच असतात ना? मग एक पाहिलं की झालं?

सारखी नसतात. एकूण सहा ठिकाणं आहेत : कॅलिफोर्निया (१९५५), फ्लोरिडा (१९७१), टोकियो (१९८३), पॅरिस (१९९२), हाँगकाँग (२००५) आणि शांघाय (२०१६). राजवाडा सगळीकडे आहे, पण सगळ्यांचा तोंडवळा एक नाही. पॅरिसच्या राजवाड्याखाली गुहेत ड्रॅगन आहे. तो अनेकांना माहीतच नसतो, म्हणून तळाशी जायला विसरू नका.

सगळ्यात मोठा फरक फ्लोरिडाचा. तिथे एक पार्क नाही, चार आहेत आणि एकमेकांपासून दूर आहेत. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. चारही दोन दिवसांत उरकायचा बेत आखलात तर आठवणीत बहुतेक रस्ते आणि बसच राहतील. त्यापेक्षा एका दिवसाला एकच पार्क घ्या. मूळ, छोटं आणि पायी फिरण्याजोगं डिस्नेलँड हवं असेल तर कॅलिफोर्नियाला जा. वॉल्ट डिस्नेने स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं आणि उघडलेलं पार्क तेवढंच. फ्लोरिडाचं उघडण्याआधी, १९६६मध्ये, तो वारला होता.

५. युनिव्हर्सल स्टुडिओज कुठलं चांगलं?

चित्रपटांचं चित्रीकरण खरोखर कसं चालतं ते बघायचं असेल तर हॉलीवूड. तिथली स्टुडिओ टूर १९६४पासून आहे आणि ती चालत्या स्टुडिओतून जाते. राइड जास्तीत जास्त हव्या असतील तर फ्लोरिडातलं ऑरलँडो. तिथे दोन जुनी पार्क शेजारी-शेजारी आहेत आणि मे २०२५मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स त्यांच्यापासून काही किलोमीटर लांब. ओसाका (२००१) जपानच्या सहलीत सहज बसतं. सिंगापूरचं सेंटोसा बेटावरचं पार्क आटोपशीर आहे, एका दिवसात सावकाश पाहून होतं. बीजिंगचं पार्क २०२१मध्ये उघडलं.

ओसाकाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथल्या सुपर निन्टेन्डो वर्ल्डमध्ये गर्दीच्या दिवशी वेळ ठरवून दिलेल्यांनाच सोडतात. पार्कचं तिकीट हातात असलं तरी त्या भागात प्रवेश मिळेलच असं नाही.

६. मुलं पाच-सहा वर्षांची आहेत. आत्ता नेऊ की थोडी मोठी होऊ देऊ?

वयापेक्षा उंची मोजा. राइडच्या दाराशी मोजपट्टी असते आणि कर्मचारी तिच्याशीच बांधील असतो. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममधली सात बुटक्यांची खाणगाडी ९७ सेंटीमीटर उंचीच्या मुलाला चालते. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमधल्या वेलोसीकोस्टर या रोलर कोस्टरला १३० सेंटीमीटर लागतात. म्हणजे ज्या मुलाला डिस्नेमध्ये दिवसभर बसायला मिळेल, त्याच मुलाला दुसऱ्या एखाद्या पार्कात दिवसभर बाहेर उभं राहावं लागेल. तिकीट काढण्याआधी मुलाला बुटाशिवाय भिंतीला लावून मोजा आणि पार्कच्या ॲपमधल्या यादीशी ताडून बघा. निम्म्याहून जास्त राइड बसत नसतील तर दुसरं पार्क निवडलेलं बरं.

या वयाला डेन्मार्कमधलं बिलुंडचं लेगोलँड (१९६८), एफ्टेलिंग (प्रश्न ३) आणि डिस्नेची राजवाडा असलेली कुठलीही बाग उत्तम.

७. आम्हाला फक्त रोलर कोस्टर हवेत. कुठे जावं?

सीडर पॉइंट. या उत्तराबद्दल शौकिनांमध्ये फारसं दुमत नाही. २०० फुटांची उंची ओलांडणारा पहिला पूर्ण फेरीचा कोस्टर, मॅग्नम, तिथे १९८९मध्ये आला. २००० साली मिलेनियम फोर्स आला, ३१० फुटांचा. आकड्यांमुळे उंची कळते, पण ही गाडी भल्या मोठ्या उतारावरून येऊन तलावाच्या कडेने झाडांना चाटून जाते, तेव्हा वेग म्हणजे काय ते अंगाला कळतं. लाकडी सांगाडा आणि पोलादी रूळ एकत्र आणणारा स्टील व्हेन्जन्स (२०१८) हवेत अधांतरी ठेवण्यात पटाईत आहे. सीटवरून अंग उचललं जाण्याचा जो क्षण शौकिनांना हवा असतो, तो त्यात पुन्हा पुन्हा येतो.

युरोपात जर्मनीतलं ओयरोपा-पार्क (१९७५) आधी बघा. ते माक कुटुंबाचं आहे. हे लोक पिढ्यानपिढ्या गाड्या आणि राइड बनवत आले आणि आपली कामगिरी गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांनी ही बाग काढली. कोलोनजवळचं फँटासियालँड जागेने लहान, पण राइड एकमेकांत इतक्या गुंफलेल्या आहेत की कुठली कुठून जाते ते कळत नाही. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्सची गंमत निराळी. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही दिसू द्यायची परवानगी नाही, म्हणून त्यांनी जमीनच खोदली. १९९४चा नेमेसिस खडक फोडून केलेल्या खड्ड्यात फिरतो आणि १९९८चा ऑब्लिव्हियन सरळ एका काळ्या भोकात कोसळतो. बंधन आड आलं म्हणून राइड अधिक चांगली झाली, याचं हे सुरेख उदाहरण.

निव्वळ वेगासाठी अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधला फॉर्म्युला रोसा, ताशी २४० किलोमीटर. वाळू आणि किडे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून बसण्याआधी चष्मा देतात. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याचं फुजी-क्यू हायलँड. तिथला ताकाबिशा १२१ अंशांत खाली वळतो, म्हणजे सरळ उभ्यापेक्षाही आत.

८. मला राइडची भीती वाटते. पैसे वाया जातील का?

पार्क नीट निवडलं तर अजिबात नाही. फ्रान्समधल्या पुई द्यू फूमध्ये रोलर कोस्टर नाहीतच. रोमन रिंगण, किल्ला, शिकारी पक्षी, घोडेस्वार, आणि दिवसभर एकापाठोपाठ एक भव्य प्रयोग. जपानच्या आइची प्रांतातला, जिब्ली स्टुडिओच्या ॲनिमेशनपटांवरचा जिब्ली पार्क (२०२२) चालत, बघत, रेंगाळत अनुभवायचा असतो, मात्र तिथली तिकिटं आधी काढावी लागतात. टिवोली, प्राटर आणि एपकॉट हीसुद्धा अशा माणसाची ठिकाणं. सीडर पॉइंट टाळा.

९. गर्दी टाळायची तर कधी जावं?

स्थानिक शाळा सुरू असताना, मंगळवार ते गुरुवार. तुमची सुट्टी कधी आहे ते महत्त्वाचं नाही, त्या देशाची कधी आहे ते बघा. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, अमेरिका-युरोपात नाताळ ते नवं वर्ष, हे दिवस सोडा.

दुसरा धोका उलटा आहे. गर्दी नाही म्हणून जावं तर पार्कच बंद. थंड प्रदेशातली बरीच पार्क हिवाळ्यात मिटतात. सीडर पॉइंट साधारण मे ते ऑक्टोबर. टिवोली उन्हाळा, हॅलोवीन आणि नाताळ अशा मोसमांत उघडतं. एफ्टेलिंग मात्र वर्षाचे ३६५ दिवस चालू.

आत गेल्यावरची युक्ती एकच : दार उघडण्याआधी अर्धा तास पोहोचा आणि सगळ्यांना हवी असलेली राइड पहिल्या तासात करा. दुपारी परेड किंवा मोठा प्रयोग चालू असतो तेव्हा रांगा पुन्हा आखूड होतात.

१०. प्रवेशाचं तिकीट काढलं की सगळ्या राइड फुकट असतात का?

डिस्ने, युनिव्हर्सल, ओयरोपा-पार्क, एफ्टेलिंग इथे हो. प्राटर आणि बाकेनमध्ये आत जाणं फुकट, प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. टिवोली मधलं : दारावर प्रवेशाचं तिकीट, आत राइडचं वेगळं किंवा दिवसभराचा पास. तुमच्यातले निम्मे लोक राइडमध्ये बसणार नसतील तर प्राटर-टिवोलीची पद्धत स्वस्त पडते.

११. रांग टाळायचं जादा तिकीट घ्यावं का?

डिस्नेमध्ये त्याला लाइटनिंग लेन किंवा प्रीमियर ॲक्सेस म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये एक्स्प्रेस. एकच दिवस हातात असेल आणि सुट्टीचा मोसम असेल तर घ्या. दोन दिवस असतील तर तेच पैसे दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाला घाला. घाई कमी होते आणि पार्क खऱ्या अर्थाने बघून होतं. एकटे असाल किंवा वेगवेगळं बसायची तयारी असेल तर ‘सिंगल रायडर’ची रांग शोधा. गाडीतली उरलेली एक-एक जागा भरायला ती असते आणि तिला जादा पैसे लागत नाहीत.

१२. या राइड खरंच सुरक्षित असतात का?

मोठ्या, जुन्या पार्कांत दारं उघडण्याआधी रोज तपासणी होते आणि रिकाम्या गाड्या सोडून बघतात. रचनाही समजून घेण्यासारखी आहे. कोस्टरच्या गाडीला चाकांचे तीन संच असतात : एक रुळावर, एक बाजूने आणि एक रुळाच्या खालून. खालचा संच गाडीला वर उडू देत नाही. ही कल्पना जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याची, गेल्या शतकाच्या सुरुवातीची, आणि तिच्यामुळेच तीव्र उतार शक्य झाले. चढावर जो खटखट आवाज येतो तो गाडीखालच्या खटक्याचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तो दात्यादात्यावर अडकत जातो. पुढे अख्खा रूळ टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात शिरू शकत नाही. बऱ्याच नव्या कोस्टरचे ब्रेक चुंबकी असतात, ते वीज गेली तरी काम करतात.

अपघात होतात, पण त्यांतल्या कित्येकांत माणसाचं वागणं कारण असतं. हात-पाय बाहेर काढणं, मोबाइल धरणं, कुंपण ओलांडून पडलेली टोपी आणायला जाणं. शेवटचं तर कधीच करू नका. कर्मचाऱ्याला सांगा, तो आणून देतो.

१३. राइड मध्येच थांबली तर?

बसून राहा. टप्प्यांची जी व्यवस्था प्रश्न १२मध्ये सांगितली तिनेच गाडी अडवलेली असते, बहुतेक वेळा एखाद्या संवेदकाने (सेन्सरने) शंका घेतली म्हणून. गाडी सुरू होत नसेल तर कर्मचारी चढाशेजारच्या जिन्याने येतात आणि एकेकाला उतरवतात. झटक्याने सुटणाऱ्या काही कोस्टरमध्ये गाडी कधीकधी माथा न गाठता उलटी मागे येते. रूळ बांधतानाच हे गृहीत धरलेलं असतं आणि मागे आलेल्या गाडीला थांबवायला ब्रेक वर येतात.

१४. मूल एका सेंटीमीटरने कमी पडतंय. विनंती केली तर सोडतील का?

नाही, आणि सोडूही नये. सुरक्षा-दांडी कुठल्या शरीराला पकडेल ते त्या उंचीवर ठरलेलं असतं. जाड तळव्याचे बूट घालून फसवू नका. राहिला प्रश्न आईवडिलांचा. त्यासाठी डिस्नेमध्ये रायडर स्विच आणि युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप आहे. एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिला पुन्हा रांग न लावता जातो. रांगेच्या तोंडाशीच विचारा, शेवटी विचारलं तर उपयोग नाही.

१५. वय जास्त आहे, पाठ दुखते, किंवा शरीर मोठं आहे. अडवतील का?

गरोदर स्त्रिया, हृदयाचा, मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेले, यांना वेगवान राइडवर सगळीकडेच मनाई लिहिलेली असते. ती मनावर घ्या. वयाची वरची मर्यादा युरोप-अमेरिकेत सहसा नसते, पण फुजी-क्यूसारख्या जपानी पार्कात मोठ्या कोस्टरना ती आहे. साठीच्या आसपासच्यांनी आधी पाहून घ्यावं. मोठ्या शरीराच्या माणसांसाठी पुष्कळ राइडच्या दाराबाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते. रांगेत तासभर उभं राहण्याआधी तिच्यात बसून दांडी लागते का ते बघा.

१६. पाऊस आला तर पैसे परत मिळतात का?

सहसा नाही. साध्या पावसात बऱ्याच राइड चालतात. विजा आणि जोराचा वारा आला की उंच राइड लगेच थांबवतात. ऑरलँडोमध्ये उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस नेहमीचा, म्हणून उघड्यावरच्या राइड सकाळी उरका. हवामानाची चिंताच नको असेल तर छताखालची पार्क आहेत : सोलचं लोट्टे वर्ल्ड (१९८९, त्याचा काही भाग बाहेर तलावात आहे), अबू धाबीचं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड (२०१८), दुबईचं आयएमजी वर्ल्ड्स (२०१६).

१७. व्हिडिओत पाहिलेली राइड पार्कच्या यादीत दिसत नाही. कुठे गेली?

बहुधा पाडली. अमेरिकेत न्यू जर्सीतला किंगडा का हा कोस्टर १३९ मीटर उंचीचा होता, २००५पासून. २०२४मध्ये तो बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये स्फोटाने पाडला. फुजी-क्यूचा दो-दोदोनपाही कायमचा बंद आहे. दुसरी शक्यता नव्याने बांधण्याची. टोकियो डिस्नेलँडचा जुना स्पेस माउंटन २०२४मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी नवा बांधायला घेतला. अगदी नव्या राइडवरही भिस्त ठेवू नका. सीडर पॉइंटचा टॉप थ्रिल २ मे २०२४मध्ये सुरू झाला, काही दिवसांतच थांबला आणि तो मोसम पुन्हा उघडलाच नाही. एकाच राइडसाठी एवढा लांबचा प्रवास करू नये, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

१८. ऑरलँडोत युनिव्हर्सलच्या एका पार्कचं तिकीट आहे. हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॉगवर्ट्सच्या आगगाडीत बसता येईल का?

नाही. ती गाडी एका पार्कात सुटते आणि दुसऱ्यात पोहोचते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या पार्कात प्रवेश करता. म्हणून दोन्ही पार्कांचं एकाच दिवशी चालणारं तिकीट लागतं. ते घेतलंत तर जाताना-येताना दोन्ही वेळा बसा, कारण खिडकीतून दिसणारा प्रवास दोन्ही दिशांना वेगळा आहे. एपिक युनिव्हर्स या गाडीच्या वाटेवर नाही. तिथे रस्त्यानेच जावं लागतं.